खोडलेलं पान परत लावा

वाचकाचं पत्र

मी गेली काही वर्षं एक कादंबरी लिहिते आहे. वेढा पडलेलं एक शहर, कडक हिवाळा आणि त्यात अडकलेली एक संगीतशिक्षिका. शहराला मी नाव दिलेलं नाही. तिचा नवरा आघाडीवर गेलाय, घरात म्हातारी सासू आहे, आणि शेजारीण मेल्यावर तिचा सात वर्षांचा मुलगाही हिच्याच पदरात आलाय. शेवटच्या प्रकरणात वेढा उठतो. ती आपल्या पडक्या शाळेत जाते, मोडलेल्या पियानोपाशी बसते आणि तिला उमगतं की या सगळ्या हालअपेष्टांनीच तिला स्वतःची खरी ओळख करून दिली. ते प्रकरण लिहिताना मी रडले होते.

माझ्या एका मैत्रिणीने हस्तलिखित वाचलं. तिच्या आईवडिलांना युद्धात घरदार टाकून पळावं लागलं होतं. ती एवढंच म्हणाली, "शेवट वाचून वाटलं, युद्ध झालं ते बरंच झालं." तेव्हापासून माझ्या हातून एक ओळही लिहून झालेली नाही.

युद्धातल्या हालांतून माणूस स्वतःला अधिक ओळखतो हे खरं, की ती लेखकांनी रचलेली सोयीची गोष्ट? मी युद्ध पाहिलेलं नाही. मला हे लिहायचा अधिकार आहे का? आणि शेवट कसा दुरुस्त करू? (आधीच्या खर्ड्यात एक प्रसंग होता. ती रात्री त्या मुलाच्या वाटचा पाव खाते आणि सकाळी सासूवर आळ येऊ देते. तो मी काढून टाकला. वाचकांच्या मनातून ती पार उतरली असती.)

*नाव छापू नये ही विनंती.*

उत्तर

सप्रेम नमस्कार.

पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा मजकूर तुम्ही कंसात घातला आहे. माझ्या मते तुमची कादंबरी तिथेच आहे, त्यामुळे त्याकडे मी येणारच आहे. आधी मैत्रिणीबद्दल.

तिचं बोलणं तुम्हाला लागलं हे साहजिक आहे, पण ती चुकलेली नाही. तुमची नायिका शेवटी जमाखर्च मांडते. एवढं गेलं, एवढं मिळालं, आणि मिळालेल्याचं पारडं खाली जातं. ज्या घरातली माणसं गेली आहेत त्या घराला हा जमाखर्च वाचणं सोसवत नाही. शेजारीण मेली, तिचा मुलगा आईविना वाढणार, आणि त्यातून संगीतशिक्षिकेला स्वतःचा शोध लागला, असा त्या प्रकरणाचा अर्थ होतो. तुम्हाला तसं म्हणायचं नव्हतं हे पत्रावरून कळतं. पण कादंबरीतल्या वाक्यांना लेखकाच्या मनातलं माहीत नसतं, आणि ती वाक्यं तसंच म्हणतात.

तरीही तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'खरं आहे' असंच आहे. युद्धाच्या हालांत माणसाला स्वतःबद्दल असं काही कळतं जे एरवी कळलं नसतं. ते कळतं कसं, हे मात्र नीट पाहायला हवं. तुमच्या शेवटात ते कळणं आकाशातून उतरतं. प्रत्यक्षात ते पावाच्या तुकड्यातून येतं.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी वेढलेल्या रशियातल्या लेनिनग्राडचं उदाहरण घेते, कारण तुमचं बिननावाचं शहर मला त्याच्याच जवळचं वाटतं. ८ सप्टेंबर १९४१ ला शहराची जमिनीवरची वाट तुटली आणि वेढा पुरता उठला तो २७ जानेवारी १९४४ ला. पहिल्या हिवाळ्यात, २० नोव्हेंबरपासून पाच आठवडे, कामगाराला दिवसाला २५० ग्रॅम पाव मिळत होता. कचेरीतली माणसं, घरात बसून असलेले म्हातारे आणि मुलं यांना १२५ ग्रॅम. तोही निव्वळ पिठाचा नव्हता. त्यात पेंड आणि लाकडापासून काढलेला लगदा मिसळलेला असे. रेशनचं कार्ड हरवलं तर दुसरं मिळणं जवळजवळ अशक्य होतं.

हे आकडे मी माहिती म्हणून देत नाही. तुमच्या नायिकेचं मन याच आकड्यांवर चालणार आहे. भरल्या घरात आपण उदार आहोत की नाही हे कळायला मार्ग नसतो. दुसऱ्याला दिलं म्हणून आपलं ताट रिकामं राहत नाही, त्यामुळे आपण स्वतःला उदार समजतो आणि ती समजूत तपासायची वेळ कधी येतच नाही. एका दिवसाचा १२५ ग्रॅमचा तुकडा कापायला घेतला की सुरी नेमकी कुठे टेकवली हे कापणाऱ्याला कळतं आणि समोर बसलेल्यालाही दिसतं. युद्धाने शहाणपण वाटलं असं मला कोणत्याच चांगल्या कादंबरीत आढळलेलं नाही. माणसाच्या लपायच्या जागा मात्र ते एकेक करून काढून घेतं. हुद्दा जातो, कपडे जातात, सभ्यपणा पाळायला लागणारी फुरसत जाते. 'मी तसला माणूस नाही' ही स्वतःबद्दल स्वतःच पसरवलेली बातमीही जाते.

रशियन लेखिका लिदिया गिन्झबर्ग त्या वेढ्यात होत्या. त्यांची आई त्यातच गेली. पुढे त्यांनी लिहिलेल्या एका कथेत एक बुद्धिजीवी माणूस घरातल्या म्हाताऱ्या नातेवाईक बाईला सांभाळतो. तो तिला उपाशी ठेवत नाही, आपल्या वाट्यातलंही देतो. पण देताना तिच्यावर खेकसतो, घासाघासावरून भांडतो. ती मेल्यावर त्याला आपलेच शब्द आठवत राहतात आणि त्यांचा माग काढत तो स्वतःपर्यंत पोचतो. ही कथा गिन्झबर्ग यांच्या हयातीत छापली गेली नाही. यात उदात्त असं काही नाही. एका चांगल्या माणसाला आपण दया आणि क्रूरपणा एकाच हाताने वाढत होतो हे कळतं, आणि कळतं तेव्हा ते पोचवायला समोर कोणी उरलेलं नसतं.

आता टॉलस्टॉयकडे येते. तुमच्यासारखा शेवट लिहिणारे बहुतेक जण नकळत त्यांच्याकडूनच उचलत असतात, आणि अर्धंच उचलतात. 'वॉर अँड पीस'मधला पिएर १८१२ साली मॉस्कोत फ्रेंचांच्या कैदेत सापडतो. इतर कैद्यांना गोळ्या घातलेल्या तो डोळ्यांनी पाहतो आणि त्याचा जगावरचा विश्वासच कोसळतो. त्या रात्री कैद्यांच्या झोपडीत प्लातोन करातायेव नावाचा साधा शेतकरी शिपाई त्याला भाजलेला बटाटा देतो, वर मीठ घालून. पिएरला वाटतं, असं चविष्ट आपण आयुष्यात कधी खाल्लं नव्हतं. श्रीमंतीत, मेजवान्यांत, तऱ्हेतऱ्हेच्या तत्त्वज्ञानांत जी शांती त्याला सापडली नाही ती अनवाणी पायांनी, उवांनी भरलेल्या कपड्यांत सापडते. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते आणि सगळ्यांना आवडते.

पुढची आठवा. फ्रेंच सैन्य परत फिरतं, कैद्यांना बरोबर हाकलत नेतं. जो मागे राहील त्याला गोळी. मॉस्कोतून निघालेल्या ३३० कैद्यांपैकी शंभराहूनही कमी उरतात. करातायेव तापाने खचलेला, एका बर्च झाडाला टेकून बसलेला असतो. तो पिएरकडे पाहतो. त्याला काहीतरी बोलायचं आहे हे त्या नजरेतच आहे. पिएर ती नजर पाहिलीच नाही असं दाखवतो आणि घाईने पुढे निघून जातो. मागून बंदुकीचा आवाज येतो, करातायेवचं कुत्रं रडू लागतं. आणि पिएर स्मोलेन्स्क शहर किती मजलांवर आहे याचा हिशोब करत चालत राहतो.

ज्या माणसाने त्याला जगायला शिकवलं त्याच माणसाकडे त्याने पाठ फिरवली. टॉलस्टॉय पिएरला इथे दोष देत नाहीत आणि सोडवतही नाहीत. स्वतःचा जीव वाचवण्यासाठी मन किती सफाईने डोळे मिटून घेतं, एवढंच दाखवून ते पुढे जातात. पुढे पिएर बदललेला, शांत, माणसांचं ऐकून घेणारा दिसतो. ती शांती मला खरी वाटते, कारण तिच्याखाली ती पाठ फिरवलेली वाट आहे. तुमच्या नायिकेच्या शांतीखाली काही नाही. जे होतं ते तुम्ही खोडलंत.

आता त्या पावाच्या प्रसंगाबद्दल बोलते.

ती वाचकाच्या मनातून उतरेल या भीतीने तुम्ही तो काढलात. मला वाटतं, वाचक तिच्यापासून दूर जाणार नाही. तिला आपलं मानायला तो तिथूनच सुरुवात करेल. शिवाय तुम्ही तिला ज्या ओळखीपर्यंत नेऊ पाहता तिथे जायचा रस्ता याच प्रसंगातून जातो. भुकेने पाव खाणं एक झालं. सासूवर आळ येऊ देणं वेगळं. पहिलं पोटाने केलं. दुसरं तिने केलं, सकाळी, दोन घास पोटात गेल्यावर. या दोहोंमधलं अंतर तिला दिसतं तेव्हा ती स्वतःसमोर येते.

पण इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. 'उपासमारीत माणूस जे करतो तेच त्याचं खरं रूप', असं मानायचा मोह होतो. तसं लिहू नका. ते खरं नाही. १९४४ च्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात शास्त्रज्ञ अँसेल कीज यांच्या देखरेखीखाली ३६ तरुणांनी आपणहून अर्धपोटी राहायचं मान्य केलं. युद्धाने उपाशी पडलेल्या लोकांना पुन्हा खायला कसं घालावं हे शोधण्यासाठी तो प्रयोग होता. हे सगळे तत्त्व म्हणून शस्त्र हाती न घेणारे, दुसऱ्यांच्या कामी यावं म्हणून पुढे आलेले तरुण होते. सहा महिन्यांच्या अर्धपोटी काळात ते चिडचिडे झाले, एकलकोंडे झाले, जेवणाखेरीज त्यांना दुसरं काही सुचेना. काही जण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसत. काहींना नियम पाळणं जमलं नाही. मग त्यांचा आधीचा मवाळपणा खोटा होता का? मला तसं वाटत नाही. तो खरा होता आणि तो पोटभर जेवणावर उभा होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

तुमच्या नायिकेला जे कळायचं ते हेच असेल तर तुमची कादंबरी कुठल्या कुठे जाईल. 'मी खरी कोण आहे' हा शोध लागण्याऐवजी, ज्याला ती 'मी' म्हणत होती त्यातलं कितीतरी परिस्थितीने उसनं दिलेलं होतं, हे तिच्या लक्षात येऊ द्या. तिची शिकवणी, तिची माया, तिचा खरेपणा, सगळ्यालाच चुलीतली ऊब आणि कपाटातला पाव लागत होता. हे कळलेला माणूस दुसऱ्याला पटकन दोषी ठरवत नाही. युद्धावरच्या चांगल्या कथा वाचून उठल्यावर आपलंही काहीसं असंच होतं, आणि मला त्या कथा इतक्या जवळच्या वाटतात त्या याच कारणाने.

या ओळखीत केवळ काळं असतं असंही नाही. सोव्हिएत लेखक वासिली ग्रॉसमन यांच्या 'लाइफ अँड फेट'मध्ये, स्टालिनग्राडची लढाई संपल्यावर, जर्मन युद्धकैदी एका तळघरातून प्रेतं बाहेर काढत असतात आणि भोवती लोक जमलेले असतात. एका कोवळ्या मुलीचं प्रेत बाहेर येतं. गर्दीतली एक बाई संतापाने एका जर्मन अधिकाऱ्याकडे निघते, हातात वीट घेते. ती आता मारणार असं सगळ्यांना वाटतं. आणि ती खिशातून पावाचा तुकडा काढून त्याच्या हातात देते. नंतर तिला स्वतःलाच सांगता येत नाही की आपण असं का केलं. ग्रॉसमनही सांगत नाहीत. माणसाच्या आत आपल्याला ठाऊक नसलेलं वाईट असतं तसंच ठाऊक नसलेलं चांगलंही असतं, आणि दोन्ही सारखंच चकित करतं. तुमच्या नायिकेच्या हातून असंही काही घडू द्या. फक्त त्याचा अर्थ तिच्या तोंडी घालू नका.

याच कादंबरीतला व्हिक्टर श्ट्रुम तुम्ही नक्की वाचा. तो भौतिकशास्त्रज्ञ आहे. त्याच्या संस्थेत त्याच्यावर आरोप होतात, भर सभेत येऊन चूक कबूल कर असा दबाव येतो. तो जात नाही. नोकरी जाईल, अटक होईल अशी भीती असते, आणि त्या भीतीतच त्याला आयुष्यात पहिल्यांदा हलकं, स्वच्छ वाटतं. मग एके दिवशी स्टालिनचा फोन येतो. सगळं पालटतं. टाळणारे लोक हसून बोलू लागतात, गाड्या दाराशी येतात. आणि या ऊबदार दिवसांत त्याच्यापुढे एक खोटं पत्र सहीसाठी ठेवलं जातं. तो सही करतो.

संकटात जो टिकला तो सुखात मोडला. हाल सोसले की माणूस घडतो आणि मग घडलेलाच राहतो, या समजुतीला यापेक्षा प्रामाणिक उत्तर मला कुठे वाचायला मिळालेलं नाही. ग्रॉसमन हे जाणून लिहीत होते. १९५३ साली, ज्यू डॉक्टरांविरुद्धच्या खोट्या आरोपांच्या काळात, त्यांनी स्वतः अशाच एका पत्राला सही दिली होती. या कादंबरीचं हस्तलिखित १९६१ साली केजीबी या सोव्हिएत गुप्तचर संस्थेने जप्त केलं, १९६४ साली ते वारले, आणि पुस्तक छापलं गेलं १९८० साली, तेही देशाबाहेर. त्यातलं एक पूर्ण प्रकरण म्हणजे ज्यू वस्तीत कोंडलेल्या आईने मुलाला, म्हणजे श्ट्रुमला, लिहिलेलं अखेरचं पत्र आहे. ग्रॉसमन यांची आई सप्टेंबर १९४१ मध्ये बेर्दिचेवला मारली गेली होती. तिचं असं पत्र त्यांना कधी मिळालं नाही. ते त्यांनी लिहिलं.

कळलेलं टिकत नाही, हेही तुम्हाला लिहावं लागेल. रेमार्क यांच्या 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट'मध्ये पहिल्या महायुद्धातला जर्मन सैनिक पॉल तोफगोळ्याच्या खड्ड्यात एका फ्रेंच सैनिकाला भोसकतो आणि तो मरेपर्यंत तासन् तास त्याच्याशेजारी अडकून पडतो. त्याच्या पाकिटात बायको आणि मुलीचे फोटो सापडतात, त्याचं नाव कळतं, तो छापखान्यात खिळे जुळवणारा होता हे कळतं. पॉल त्या प्रेताला वचनं देतो. दिवस कलतो तसा त्या वचनांचा जोर ओसरतो. आपल्या माणसांत परत आल्यावर दुसऱ्या दिवशी तो स्वतःची समजूत घालतो की युद्ध म्हणजे युद्ध. १९२९ साली हे पुस्तक आलं तेव्हा त्यातली मरणं वाचून लोक हादरले. मला मात्र हे ओसरणं अधिक भयंकर वाटतं. पॉल विसरतो आणि वाचक विसरू शकत नाही. आत्मभान पात्राला झालंच पाहिजे असा नियम नाही. पात्राच्या हातून निसटलेलं वाचकाच्या हाती राहिलं तरी कादंबरीने आपलं काम केलेलं असतं.

आणि काही वेळा ते फार उशिरा येतं. स्त्रीपर्वात युद्ध संपलंय, गंगेकाठी मेलेल्यांना पाणी देणं चाललंय, आणि तेव्हा कुंती सांगते की कर्णालाही द्या, तो तुमचा थोरला भाऊ होता. शांतिपर्व सुरू होतं ते युधिष्ठिराच्या शोकाने. जिंकलेलं राज्य नको, वनात जातो, असं तो म्हणतो. आपण कोणाशी लढलो हे त्याला कळलं ते लढून झाल्यावर. तुमच्या पियानोच्या प्रकरणात वेढा उठला त्याच दिवशी सगळं उमगतं. इतक्या लगेच उमगत नाही. वेढा उठला त्या दिवशी ती बहुधा रांगेत उभी असेल.

आता शेवटाचं काय करायचं ते सांगते.

पियानोपाशी तिला जे उमगतं तो परिच्छेद काढा. प्रकरण राहू द्या, हवं तर ती शाळेत जाऊ दे. पण मला एक शंका आहे. त्या हिवाळ्यात लोकांनी टेबलं, कपाटं, पुस्तकं जाळून खोल्या गरम ठेवल्या. तुमचा पियानो लाकडाचा आहे. तो वसंतापर्यंत उरला कसा? कोणी फोडायला आलं होतं का, तिने अडवलं का, आणि अडवलं असेल तर त्या रात्री तो मुलगा गारठला का? हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारलात तर त्या प्रकरणाला हवा तो भार आपोआप येईल.

पावाचा प्रसंग परत लावा, पण शेवटी नको. तो मध्यावर, किंवा त्याही आधी येऊ द्या, म्हणजे उरलेली कादंबरी तिला तो बाळगत जगावी लागेल. खाताना तिच्या मनात एक कारण तयार असू द्या: मी मेले तर याला कोण सांभाळणार? ते कारण निम्मं खरं आहे, म्हणूनच त्याचा आधार घेता येतो. ते कारण कधी खोडून काढू नका, तिलाही खोडू देऊ नका.

आणि सासू. तिला माहीत आहे का? तुम्ही लिहिलेलं नाही. माझ्या मते तिला माहीत असावं. आळ अंगावर आल्यावर ती गप्प राहिली असेल, तर ती का गप्प राहिली हे नायिकेला आयुष्यभर कळणार नाही. माया म्हणून, की तिनेही कधी असंच खाल्लं होतं म्हणून, की बोलायला अंगात त्राण नव्हतं म्हणून? तुमच्या पत्रात सासूबद्दल तीन-चारच शब्द आहेत. तिला जागा द्या. नायिकेला आरसा लागेल तर तो पियानोपेक्षा या म्हातारीत सापडेल.

राहिला अधिकाराचा प्रश्न. स्टीफन क्रेन यांचा जन्म १८७१ चा. अमेरिकेतलं यादवी युद्ध त्याआधी सहा वर्षं संपलेलं. १८९५ साली त्यांची 'द रेड बॅज ऑफ करेज' आली तोपर्यंत त्यांनी एकही लढाई पाहिलेली नव्हती. त्यातला तरुण सैनिक हेन्री पहिल्याच लढाईत पळतो. पळणाऱ्या आपल्याच सैनिकाचा बंदुकीचा दस्ता त्याच्या डोक्यात बसतो आणि बाकीचे ती गोळीची जखम समजतात. तो स्वतःच त्यांना गोळी लागल्याचं सांगतो. पुढे तो खरोखर शौर्याने लढतो, पण वाटेत टाकून दिलेला एक जखमी सोबती त्याच्या मनातून जात नाही. हे लिहायला क्रेन यांना रणांगण पाहावं लागलं नाही. आपल्याकडे विश्राम बेडेकरांची 'रणांगण' १९३९ साली आली. तिच्यात एक गोळी सुटत नाही. एक बोट आहे, हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू आहेत, आणि प्रेमावरचा विश्वास उडालेला चक्रधर आहे. त्या ज्यूंमधली हेर्टा भेटते आणि त्याला स्वतःबद्दलची आपली समजूत मोडलेली दिसते. पण त्याला उतरायला बंदर आहे, तिला नाही.

तेव्हा अधिकार जन्माने किंवा अनुभवाने मिळतो असं मला वाटत नाही. दुसऱ्याच्या दुःखातून आपल्या पात्रासाठी नफा काढला की तो जातो, आणि तुमच्या मैत्रिणीने तुम्हाला तेवढंच सांगितलं. तिच्या आईवडिलांच्या आठवणी कादंबरीसाठी मागायला मात्र जाऊ नका. त्यांनी आपणहून सांगितल्या तर वही न उघडता ऐका.

वेढ्यातून वाचलेल्यांच्या रोजनिशा वाचा. मग स्वतःसाठी एक तारीखवार यादी करा: शिधा कधी किती होता, नळ कधी बंद पडले, पाणी कुठून आणत, वीज कधी गेली. शहराला नाव द्यायचं नसेल तरी ही यादी हवी. प्रत्येक प्रसंगाशेजारी त्या दिवशीच्या पावाचं वजन लिहून ठेवा. लेनिनग्राडमध्ये २५ डिसेंबर १९४१ ला शिधा वाढला, कामगारांना ३५० ग्रॅम आणि बाकीच्यांना २०० ग्रॅम. तुमच्या नायिकेने तो पाव २४ च्या रात्री खाल्ला की २६ च्या, हे आधी ठरवा. ते ठरलं की सकाळी ती सासूकडे कशी पाहील हे तुम्हाला लिहिता येईल.